प्रत्येक फाइल काहीतरी विसरते

बांधकामाच्या धंद्यात मी आले ती चित्रांच्या वाटेने. वीट, सळई, काँक्रीट यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. एका छोट्या बिल्डरच्या ऑफिसात माहितीपत्रक, होर्डिंग, वेबसाइटचे फोटो असं सगळं बघायला माणूस हवा होता. मला फोटोशॉप येत होतं, एवढ्यावर काम मिळालं. पहिल्या दिवशी साहेब म्हणाले, “आर्किटेक्टकडून प्लॅन आलाय. त्यात जरा रंग भर आणि छान करून दे.” दुपारच्या आत होईल असं मला वाटलं. तो प्लॅन नीट छापून हातात पडायला दीड महिना लागला.

प्लॅन डीडब्ल्यूजी फाइलमध्ये होता, म्हणजे आर्किटेक्ट लोक ज्यात ड्रॉइंग काढतात त्या ऑटोकॅड सॉफ्टवेअरच्या फाइलीत. माझ्याकडे इलस्ट्रेटर हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर होतं आणि त्यात डीडब्ल्यूजी उघडते हे मी कुठेतरी वाचलं होतं. उघडली नाही. आर्किटेक्टच्या ऑफिसातल्या ड्राफ्ट्समनला फोन केला तर त्याने उलट मलाच विचारलं, “मॅडम, कुठल्या व्हर्जनला सेव्ह करून देऊ?” मला उत्तर येईना. मग त्याने एक युक्ती सांगितली, ती मी आजही वापरते. डीडब्ल्यूजी फाइल सरळ नोटपॅडमध्ये उघडायची. सगळा गिचमिड मजकूर दिसतो, पण पहिली सहा अक्षरं वाचता येतात. एसी१०३२ असेल तर २०१८ चा फॉरमॅट, एसी१०२७ म्हणजे २०१३ चा, एसी१०१५ म्हणजे २००० चा. ऑटोकॅड १९८२ साली बाजारात आलं आणि तेव्हापासून डीडब्ल्यूजीची आतली मांडणी बऱ्याचदा बदलली. नाव आणि शेपूट मात्र तेच. नव्या सॉफ्टवेअरला जुनी फाइल कळते, जुन्याला नवी कळत नाही.

त्याने जुन्या व्हर्जनला सेव्ह करून पाठवली. उघडली. मी खूश. पण चित्रात खांबच नव्हते. इमारत हवेत तरंगत होती.

“खांबांची फाइल वेगळी आहे ना मॅडम,” तो म्हणाला. “ती एक्सरेफ आहे.” त्यांच्याकडे खांबांची जाळी एका फाइलीत, भिंती दुसरीत, फर्निचर तिसरीत, आणि मुख्य फाइल या सगळ्यांना नुसतं बोट दाखवते. बोट त्याच्या मशीनवरच्या फोल्डरकडे होतं. माझ्याकडे बोट आलं, फोल्डर नाही. त्यावर ऑटोकॅडमध्ये ई-ट्रान्समिट नावाची सोय आहे. जोडलेल्या फाइली, फॉन्ट, रेषांच्या जाडीची यादी, सगळं एका झिपमध्ये बांधून देते. ती सोय आहे हे त्याला माहीत होतं. ती मला हवी आहे हे मला माहीत नव्हतं, म्हणून मी मागितली नाही आणि त्याने दिली नाही. पुढे या कामात जितकी भांडणं बघितली त्यातली निम्मी याच जातीची होती.

झिप आली तेव्हा खांब आले, खोल्यांची नावं वाचता येऊ लागली (आधी नुसती प्रश्नचिन्हं होती, कारण त्यांचा एसएचएक्स, म्हणजे ऑटोकॅडचा खास फॉन्ट माझ्याकडे नव्हता), आणि एक नवीनच कोडं समोर आलं. पांढऱ्या पानावर काही रेषा दिसतच नव्हत्या आणि ज्या दिसत होत्या त्या सगळ्या एकाच जाडीच्या. ड्राफ्ट्समन मंडळी काळ्या पडद्यावर काम करतात. तिथे पिवळी रेष उठून दिसते, कागदावर आणली की गायब. शिवाय त्यांच्याकडे रंग हा रंग नसतोच, तो जाडीचा सांकेतिक आकडा असतो. लाल म्हणजे अमुक जाडी, हिरवा म्हणजे तमुक, आणि सगळं छापताना काळं. कुठल्या रंगाला किती जाडी हे सीटीबी नावाच्या वेगळ्या फाइलीत लिहिलेलं असतं. ती झिपमध्ये होती. मी ती “कसलीतरी” म्हणून डिलीट केली होती.

मग आली सोफ्याची गोष्ट. हॉल रिकामा दिसत होता म्हणून मी इंटरनेटवरून सोफ्याचा ब्लॉक, म्हणजे आयतं काढलेलं ड्रॉइंग घेतलं आणि ड्राफ्ट्समनच्या शेजारी बसून त्याच्या मशीनवर प्लॅनमध्ये टाकलं. पडद्यावर काहीच दिसेना. बाहेर, बाहेर, आणखी बाहेर झूम केल्यावर कळलं की सोफ्याच्या एका कोपऱ्यात आमची अख्खी इमारत बसली आहे. प्लॅन इंचात काढलेला, सोफा मिलिमीटरमध्ये. कॅडच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर काढलेल्या ड्रॉइंगच्या फाइलीत मुळात नुसते आकडे असतात. १८०० म्हणजे अठराशे काय, ते फाइलीच्या एका खिडकीत सांगून ठेवावं लागतं आणि बरेच लोक सांगत नाहीत. सहा फुटी सोफा २५.४ पट वाढून दीडशे फुटी झाला होता.

तो हसला नाही, हे त्याचे उपकार. म्हणाला, “फाइल कुणाचीही असो, उघडल्यावर पहिलं दार मोजायचं. बेडरूमचं दार. ९०० आलं तर मिलिमीटर, ०.९ आलं तर मीटर, पस्तीस-छत्तीस आलं तर इंच. यातलं काहीच आलं नाही तर फाइल परत पाठवायची.”

एकदाचा प्लॅन ताब्यात आला. रंग भरले, लाकडी जमीन टाकली, झाडं लावली. साहेबांना दाखवायला जेपीजी करून पाठवली, कारण जेपीजी सगळ्यांकडे उघडते. साहेबांनी ती सेल्सच्या मुलांना मेसेजिंग अ‍ॅपवर पाठवली. त्यातल्या एकाने स्क्रीनशॉट काढून ग्राहकाला पाठवला. ग्राहकाने प्रिंट काढली आणि विचारलं, “या भिंतींना बुरशी लागली आहे का?”

लागली नव्हती, पण तसं दिसत होतं खरं. जेपीजी चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनातला डोळ्याला सहज न जाणवणारा बारकावा टाकून देते. फोटोत हे खपून जातं. आकाश, झाडी, चेहरा यांच्यात अचानक उड्या कमी. प्लॅन म्हणजे मात्र नुसत्या उड्याच: पांढरं, लगेच काळं, लगेच पांढरं. तिथे रेषेभोवती मळकट ठिपक्यांची धूळ जमते, आणि प्रत्येक वेळी पुन्हा सेव्ह केलं की धुळीवर धूळ. पीएनजी हा त्यावर साधा उपाय. १९९६ साली आलेला हा फॉरमॅट ठिपका न ठिपका जसाच्या तसा ठेवतो, आणि प्लॅनसारख्या सपाट रंगांच्या चित्रात त्याची फाइल अनेकदा जेपीजीहून लहानच होते. त्याहून चांगलं म्हणजे रेषेला रेषच राहू देणं, पीडीएफ किंवा एसव्हीजीमध्ये. मग कितीही मोठं करा, कड फाटत नाही.

तेव्हापासून मी मनाशी एक हिशेब ठेवायला लागले. हा फॉरमॅट काय लक्षात ठेवतो हे सगळे सांगतात. तो काय विसरतो? जेपीजी रेषा विसरते, थर विसरते, पारदर्शकता विसरते. पीएनजीला छपाईच्या चार शाया माहीतच नाहीत. नुसती डीडब्ल्यूजी पाठवली तर घरची माणसं मागे विसरून येते. पीडीएफ मात्र काही विसरत नाही अशी माझी तेव्हा समजूत होती.

ती एका आजोबांनी मोडली.

सेल्स ऑफिसात आमचा प्लॅन पीडीएफमधून छापून ग्राहकांना देत होते. प्लॅन ए३ कागदासाठी केलेला, खाली कोपऱ्यात नीट लिहिलेलं: प्रमाण १:१००. एक निवृत्त गृहस्थ तो घरी घेऊन गेले आणि दोन दिवसांनी खिशात पट्टी घालून परत आले. माझ्या टेबलावर कागद ठेवला, पट्टी लावली आणि शांतपणे म्हणाले, “मुली, तुमची ही बेडरूम दोन मीटर बारा सेंटिमीटर रुंद आहे. म्हणजे सात फूटसुद्धा नाही. तुमचा सेल्सचा मुलगा मला तीन मीटर सांगतो.”

मी पट्टी लावून बघितली. एकवीस मिलिमीटरच्या जरा पुढे. शंभराने गुणलं की त्यांचंच उत्तर.

खोली खरोखर तीन मीटरच होती. सेल्सच्या प्रिंटरमध्ये ए४ कागद, आणि छापताना “कागदाला बसवा” हा पर्याय आपोआप निवडलेला. ए३ चा ए४ झाला की प्रत्येक लांबी भागिले १.४१ होते. १:१०० चं झालं साधारण १:१४१, पण खालची अक्षरं तीच राहिली. पीडीएफने काही चूक केली नव्हती. कागदाने केली, आणि त्या कागदावर आमची सही असल्यासारखं प्रमाण छापलेलं होतं. आजोबांना मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मग खाली लिहिता कशाला?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांना मी साइटवर नेलं, टेप लावून भिंत मोजून दाखवली. आणि परत आल्यावर सगळ्या विक्रीच्या प्लॅनवरून १:१०० काढून टाकलं. त्याजागी नकाशावर असते तशी प्रमाणपट्टी टाकली: शून्य, एक, दोन, पाच मीटर. कागद लहान झाला की पट्टीही तेवढीच लहान होते, खोटं बोलू शकत नाही. शिवाय प्रत्येक खोलीत मापं आकड्यात लिहिली. या धंद्यात चित्र म्हणजे जवळजवळ शब्द दिल्यासारखं असतं, हे मला त्या पट्टीने शिकवलं. साबणाच्या जाहिरातीत वडी थोडी मोठी दिसली तर कुणी मोजायला येत नाही. घराच्या चित्राला लोक पट्टी लावतात, आणि त्यांनी लावलीच पाहिजे.

त्याच सुमारास एका मांडणी करणाऱ्याने माहितीपत्रकाच्या चौकटीत बसावा म्हणून प्लॅन आडवा ओढून थोडा रुंद केला होता. बघणाऱ्याला कळलंही नसतं. मी सगळे चौरस खांब मोजले, ते आयत झाले होते, तेव्हा सापडलं. खांब आणि गोल टेबल या दोन गोष्टी लबाडी लपवू देत नाहीत.

छपाईचं प्रकरण वेगळंच. प्रेसवाले काका जुने, बोलायला फटकळ. पहिल्या प्रूफवर, म्हणजे नमुन्याच्या छपाईत, हिरवळ शेवाळल्यासारखी आणि आकाश पावसाळी आलं होतं. मी म्हटलं, “काका, स्क्रीनवर किती छान दिसतंय बघा.” ते म्हणाले, “ताई, तुमचा स्क्रीन उजेड पाडतो. माझा कागद काय उजेड पाडणार?” स्क्रीनवर लाल-हिरवा-निळा प्रकाश मिसळून रंग होतो, कागदावर निळसर, गुलाबी, पिवळी आणि काळी शाई. भडक हिरवे आणि विजेसारखे निळे रंग त्या चार शायांच्या आवाक्यातच नाहीत. थ्रीडी चित्रांत नेमके हेच दोन रंग ढिगाने असतात, कारण करणाऱ्याला हिरवळ आणि आकाश फार आवडतं. रूपांतर होणारच असेल तर ते आपल्या डोळ्यांदेखत व्हावं, म्हणून मी आधीच प्रेसचं प्रोफाइल (त्यांच्या शाई-कागदावर रंग कसे उतरतात याची फाइल) लावून स्क्रीनवर फिकं रूप बघायला लागले. साहेबांनाही तेच दाखवते. नाराजी आधी झालेली बरी.

पण काकांनी दाखवलेली खरी चूक रंगाची नव्हती, काळ्याची होती. माझ्या प्लॅनच्या बारीक काळ्या रेषांच्या कडेला भिंगातून बघितलं तर एका बाजूला गुलाबी आणि दुसऱ्या बाजूला निळसर झालर. स्क्रीनचा काळा छपाईच्या रंगात आपोआप बदलला की तो चारही शाया मिळून काळा होतो. प्रत्येक शाईची प्लेट वेगळी, आणि त्या चार प्लेट केसभर इकडेतिकडे सरकल्या की जाड अक्षरात कळत नाही, पण केसाएवढ्याच रेषेत लगेच कळतं. प्लॅनमधल्या सगळ्या रेषा आणि मजकूर फक्त काळ्या शाईत, शंभर टक्के, असं हाताने बदलायला मला एक रात्र लागली. त्यानंतर काकांनी सांगितलं, “फाइल पीडीएफ एक्स वन-ए करून आणा, म्हणजे मला कटकट नको.” हा छपाईसाठीचा पीडीएफचा प्रकार, आयएसओचा मानक असलेला. यात फॉन्ट आत बसवलेले असावेच लागतात, पारदर्शक थर आधीच सपाट करावे लागतात आणि स्क्रीनचे रंग चालतच नाहीत. नियम कडक आहेत म्हणूनच तो निवांत आहे. देवनागरी मजकुरासाठी तर फारच. त्याआधीच्या एका फाइलीत काकांच्या मशीनने आमचा फॉन्ट बदलून “प्रशस्त”मधली जोडाक्षरं सुटी करून टाकली होती, आणि मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरात हलन्ताचे पाय लटकत होते.

होर्डिंगच्या वेळी मी शहाणी झाल्याचा आव आणला. वीस बाय दहा फुटांचं होर्डिंग. छपाईला ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके लागतात हे आता पाठ, म्हणून तसं पान उघडायला गेले. २४० इंच गुणिले ३०० म्हणजे रुंदी ७२,००० ठिपके, उंची ३६,०००. फोटोशॉपने पीएसडी या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करायला नकार दिला, कारण पीएसडीची मर्यादा एका बाजूला ३०,००० ठिपक्यांची. जेपीजीची ६५,५३५. चार शायांचा हिशेब धरला तर नुसता कच्चा माल दहा जीबीच्या घरात. मशीन पंखा फिरवत बसलं.

होर्डिंग छापणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, “दहावा हिस्सा आकार करा आणि ३०० ठेवा, बास.” म्हणजे प्रत्यक्षात इंचाला ३० ठिपके. मला वाटलं, काम टाळतोय. मग बसून हिशेब केला. चांगल्या डोळ्याला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतका फरक कळतो. हातात धरलेल्या पुस्तकाच्या अंतरावर, तीस सेंटिमीटरवर, त्याचे होतात इंचाला जवळपास २९० ठिपके. ३०० हा आकडा तिथला आहे. तोच डोळा दहा मीटरवरून बघतो तेव्हा इंचाला नऊ ठिपके पुरतात. रस्त्यावरून जाणारा माणूस त्याहून लांब असतो. तो छापणारा माझ्यापेक्षा कितीतरी शहाणा होता, फक्त कारण सांगत बसायची त्याला सवय नव्हती.

तरी होर्डिंग पहिल्यांदा फसलंच, लोगोमुळे. इमारतीचं चित्र उत्तम, आणि वर कोपऱ्यात बिल्डरच्या लोगोची अक्षरं चावल्यासारखी. लोगो कुणीतरी वेबसाइटवरून उचलला होता, दोनशे ठिपके रुंद. मूळ वेक्टर फाइल (ठिपक्यांची नाही, रेषेला रेष ठेवणारी) कुणाकडे आहे हे शोधण्यात आठवडा गेला. ती सापडली वर्षानुवर्षे व्हिजिटिंग कार्ड छापणाऱ्याकडे. अक्षर आणि लोगो वेक्टर, चित्र ठिपक्यांचं, असं एकाच पीडीएफमध्ये सुखाने राहू शकतं. सगळं सपाट करायची काही गरज नसते.

आता थ्रीडी. हे काम बाहेरचा एक मुलगा करायचा, हुशार, रात्री जागणारा. त्याला मी प्लॅनची फाइल दिली आणि दोन दिवसांनी त्याचा फोन आला, “ताई, भिंती थरथरतायत.” कॅमेरा फिरवला की खिडक्यांच्या कडा नाचत होत्या. मला वाटलं त्याचं ग्राफिक कार्ड गेलं. त्यालाही तेच वाटलं. कारण सापडलं ते भलतंच. ड्रॉइंग सर्व्हेच्या खऱ्या सहनिर्देशकांवर बसवलेलं होतं, म्हणजे इमारत शून्यापासून साधारण वीस लाख मीटर दूर, आणि एकक मिलिमीटर. म्हणजे आकडे दोनशे कोटींचे. ऑटोकॅड ६४ बिटांत आकडे ठेवतं, त्याला याचं काही वाटत नाही. त्या मुलाचं थ्रीडी सॉफ्टवेअर चित्र काढताना ३२ बिटांत ठेवत होतं, आणि त्यात सात-आठ अंकांपलीकडे नेमकेपणा उरत नाही. दोनशे कोटींच्या आसपास दोन शेजारच्या आकड्यांत १२८ मिलिमीटरचं अंतर पडतं. भिंतीच्या कोपऱ्याला त्याच्या खऱ्या जागी उभंच राहता येत नव्हतं. तो जवळच्या खुंटीवर लटकत होता, आणि खुंट्या पाच-पाच इंचांवर. सगळी इमारत उचलून शून्याजवळ आणली, किती सरकवली ते एका कागदावर लिहून ठेवलं, भिंती गप्प उभ्या राहिल्या.

त्याच्याकडून आलेलं मॉडेल वेबसाइटवाल्याला देताना पुन्हा एक्सरेफचीच जुनी गोष्ट झाली. ओबीजे हा थ्रीडीचा जुना फॉरमॅट, त्याची फाइल दिली तर सगळं राखाडी, कारण रंगांची यादी वेगळ्या एमटीएल फाइलीत आणि लाकूड-फरशीची चित्रं त्याच्या डी ड्राइव्हवर. ओबीजेला मीटर की इंच हेही माहीत नसतं. एफबीएक्स या दुसऱ्या फॉरमॅटने थोडं बरं झालं. शेवटी जीएलबीवर आलो. जीएलटीएफ हा क्रोनोस या कंपन्यांच्या समूहाचा खुला फॉरमॅट, त्याची दुसरी आवृत्ती २०१७ मधली. जीएलबी म्हणजे तोच, पण आकार, रंग, चित्रं एकाच डब्यात बंद केलेला, आणि त्यात अंतर मीटरमध्येच असतं हे ठरलेलं. पाठवला आणि उघडला, इतकंच झालं. इतकंच होण्यात किती सुख आहे हे त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

त्या मुलाशी माझं एकदाच वाजलं. हॉलचं चित्र आलं, अप्रतिम, आणि हॉल बघून मला वाटलं, हा एवढा मोठा कधी झाला? मॉडेल मागवून मोजलं. सोफा, टेबल, पलंग सगळं फर्निचर पंधरा टक्के लहान केलेलं, आणि कॅमेऱ्याची लेन्स इतकी रुंद की समोरची भिंत शेजारच्या गावाला गेलेली. म्हणाला, “ताई, सगळे असंच करतात.” करत असतीलही. त्याला मी तो आखूड झालेला पलंग दाखवून विचारलं, “यावर तू झोपशील का?” नंतर आम्ही ठरवलं की कॅमेरा खोलीच्या आत, माणूस उभा राहील तिथेच ठेवायचा, भिंतीच्या बाहेर जाऊन बघायचं नाही. फर्निचर खऱ्या मापाचं. चित्रं थोडी कमी भव्य दिसायला लागली. साहेब कुरकुरले. आजोबांची पट्टी मी त्यांना आठवण करून दिली.

वॉकथ्रूचा, म्हणजे थ्रीडी घरातून फिरवून आणणारा व्हिडिओ तीन मिनिटांचा. सेकंदाला २५ चित्रं म्हणजे ४,५०० चित्रं, एक चित्र तयार करायला मशीनला पाच मिनिटं धरली तरी ३७५ तास, पंधरा दिवसांहून जास्त. पहिल्या खेपेला त्याने थेट एमपी-फोर व्हिडिओच बनवायला लावला आणि तिसऱ्या दिवशी वीज गेली. तीन दिवसांची फाइल डिस्कवर होती, पण उघडेना. एमपी-फोरची अनुक्रमणिका बहुधा शेवटी लिहिली जाते. शेवट आलाच नाही तर आतलं कुठे काय आहे हे कुणालाच माहीत नसतं. दुसऱ्या खेपेपासून एकेक चित्र वेगळं, पीएनजीत, आणि शेवटी जोडणी. वीज गेली तर एक चित्र जातं, शिवाय चार मशीनवर काम वाटता येतं. तो व्हिडिओ सेल्स ऑफिसच्या टीव्हीवर उद्घाटनाच्या सकाळी लावला तर आवाज आला, चित्र नाही. फाइल एमपी-फोर होती, टीव्हीला एमपी-फोर चालत होतं. पण एमपी-फोर हा नुसता डबा. आत एच २६५, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करायची नवी पद्धत भरलेली होती आणि त्या टीव्हीला त्याआधीच्या एच २६४ पर्यंतच पचत होतं. डब्याच्या झाकणावर आतल्या मालाचं नाव नसतं.

फोटोंचं थोडक्यात सांगते. आयफोनवरून आलेले एचईआयसी फोटो ऑफिसच्या जुन्या मशीनवर उघडत नाहीत, ते आधी बदलून घ्यायचे. पुनर्विक्रीच्या घरांचे फोटो बाहेर देताना त्यातली जीपीएसची नोंद काढून टाकायची. माणूस घरात राहत असतो, त्याचा पत्ता अक्षांश-रेखांशासकट वाटत फिरायचं कारण नाही. आणि ३६० अंशांचा फोटो संपादित करून सेव्ह केला की कधीकधी तो गोल फिरायचा थांबतो, नुसता दोनास एक लांबट वाकडा फोटो उरतो, कारण “मी गोल आहे” ही त्याच्या आतली नोंद पुसली गेलेली असते.

या सगळ्याला बरीच वर्षं झाली. परवा त्याच पहिल्या इमारतीतल्या एका बाईंचा फोन आला. स्वयंपाकघराची भिंत पाडायची होती, आत खांब-बीम काय आहे ते बघायला ड्रॉइंग हवं होतं. आर्किटेक्टचं ऑफिस बंद झालेलं, ड्राफ्ट्समन कुठे आहे माहीत नाही. मी जुनी डिस्क काढली. थ्रीडीच्या मूळ फाइली उघडल्या नाहीत, ते सॉफ्टवेअरच आता कुणी बनवत नाही. माहितीपत्रकाची मांडणी उघडली, पण चित्रांच्या जागी करड्या चौकटी. जीएलबी उघडली. पीडीएफ उघडल्या. आणि त्या ड्राफ्ट्समनने त्या वेळी, मी न मागता, झिपमध्ये एक डीएक्सएफ प्रतही टाकून ठेवली होती. साध्या मजकुराची फाइल, नोटपॅडमध्येसुद्धा वाचता येणारी. ती एका मोफत प्रोग्रॅममध्ये पहिल्या झटक्यात उघडली. खांब होते, बीम होते, खोल्यांची नावं होती.

पाठवण्याआधी बेडरूमचं दार मोजलं. पस्तीस पूर्णांक काहीतरी आलं. मेलमध्ये वर ठळक अक्षरात लिहिलं, “हे ड्रॉइंग इंचात आहे, आणि तोडायच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला जागेवर येऊन बघू द्या,” आणि खाली फाइल जोडली. यावेळी जोडायला विसरले नाही ना, ते दोनदा बघितलं.